देवानांप्रियाची पाकशाळा आणि पारध्याचा फास

पश्चिम रेल्वेच्या नालासोपारा स्थानकावर उतरणाऱ्या गर्दीला शेजारच्या सोपारे गावाचे पुरातन वैभव सहसा ठाऊक नसते. शूर्पारक या नावाने हे गाव एके काळी पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर म्हणून प्रसिद्ध होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील बुरुड राजाच्या कोटाचा ढिगारा खणून एक प्राचीन स्तूप उजेडात आणला. आणि त्याच सुमारास भाटेला तळ्याच्या परिसरात त्यांना ब्राह्मी अक्षरे कोरलेला एक फुटका शिलाखंड मिळाला. तो मौर्य सम्राट अशोक याच्या चौदा शिलालेखांपैकी आठव्या लेखाचा तुकडा ठरला. आज तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचाही तुकडा सापडला.

आठव्या लेखाचा विषय शिकार हा आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत, त्या यात्रांत मृगया व तत्सम करमणुकी चालत. परंतु राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर प्रियदर्शी राजा संबोधीस, म्हणजे बोधगयेस, गेला आणि तेव्हापासून त्याच्या विहारयात्रांच्या जागी धर्मयात्रा सुरू झाल्या, असे त्यात सांगितले आहे. या धर्मयात्रांत ब्राह्मणांचे व श्रमणांचे दर्शन, वृद्धांना सुवर्णदान, आणि खेड्यापाड्यांतील लोकांशी धर्मविषयक बोलणे होत असे. राजा म्हणतो की, पूर्वीच्या सुखापेक्षा या सुखाची गोडी त्याला अधिक वाटते. महाराष्ट्राच्या भूमीत अशोकाच्या शिलालेखमालेतील जे दोनच तुकडे हाती लागले, त्यांपैकी एक राजाने शिकार सोडल्याचा असावा, हा योगायोग खरा. परंतु तो विचार करावयास लावणारा आहे. कारण वन्य प्राणी मारावा की न मारावा, मारल्यास कोणी, कशासाठी व किती, हा वाद त्या काळी जितका जिवंत होता तितकाच तो आजही आहे.

राजाने शिकार सोडली म्हणजे नेमके काय सोडले, हे कळण्यासाठी ती शिकार कशी होती ते पाहिले पाहिजे. अशोकाचा आजोबा चंद्रगुप्त याच्या दरबारी ग्रीक वकील मेगास्थनीस राहिला होता. त्याचा मूळ ग्रंथ नष्ट झाला असला तरी नंतरच्या ग्रीक ग्रंथकारांनी त्यातील बराच भाग उतरून ठेवला आहे. त्यात राजाच्या मृगयेचे वर्णन आहे. राजा निघे तो जणू उत्सवाची मिरवणूक घेऊनच. त्याच्या भोवती शस्त्रधारी स्त्रियांचे कडे, त्याबाहेर भालाइतांचे कडे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस दोर बांधलेले, आणि त्या दोरांच्या आत पाऊल टाकील त्याला मरणाची शिक्षा. पुढे नगारे व घंटा वाजविणारे चालत. कुंपण घातलेल्या रानात राजा मचाणावरून बाण सोडी व त्याच्या शेजारी दोनतीन सशस्त्र स्त्रिया उभ्या असत. मोकळ्या रानात तो हत्तीवर बसून शिकार करी.

कौटिल्याच्या नावावर असलेल्या अर्थशास्त्र ग्रंथाच्या रचनाकाळाविषयी पंडितांत मतभेद आहेत. तथापि १९०९ साली म्हैसूरचे शामशास्त्री यांनी तो छापून प्रसिद्ध केल्यापासून प्राचीन राज्यव्यवहाराचे असे दुसरे साधन नाही, हे सर्वमान्य झाले आहे. त्यात राजाच्या विहारासाठी राखावयाच्या मृगवनाचे वर्णन येते. भोवती खंदक, आत शिरण्यास एकच दार, आत फळझाडे व जलाशय, आणि ज्यांचे दात व नखे मोडून टाकली आहेत अशी हिंस्र श्वापदे. ज्या वाघाला नखेच नाहीत त्याच्या शिकारीत पराक्रम तो काय, असा प्रश्न आजच्या वाचकाच्या मनात येतो; परंतु राजाचा जीव मोलाचा आणि त्याची हौसही मोलाची, तेव्हा दोहोंची सोय अशा रीतीने पाहिली जाई.

असे असूनही त्या काळच्या विचारवंतांनी मृगयेची गणना राजाच्या व्यसनांत केली होती, हे विसरता कामा नये. अर्थशास्त्रात यावर एक वाद दिला आहे. पिशुन नावाचा आचार्य म्हणतो की द्यूतापेक्षा मृगया वाईट. कारण रानात चोर, शत्रू, श्वापदे, वणवा, वाट चुकणे, भूक आणि तहान अशी अनेक संकटे असतात, तर द्यूतात निदान कुशल खेळाडूला जय मिळतो. कौटिल्याला हे मान्य नाही. तो नल व युधिष्ठिर यांची आठवण देतो आणि मृगयेचे गुण सांगतो: व्यायाम घडतो, कफ, पित्त व मेद झडतात, स्थिर व चल लक्ष्यावर नेम साधतो, आणि भ्यालेल्या वा चिडलेल्या जनावराचे मन कळू लागते. या संपूर्ण वादात दोन्ही पक्ष राजाच्या हिताहिताचाच विचार करतात. ज्या जनावराचा जीव जातो त्याची बाजू मांडणारा तेथे कोणीही नाही. अशोकाने काय नवे केले ते या पार्श्वभूमीवर उठून दिसते. जनावराचा पक्ष त्याने राजशासनात आणला.

मात्र शिकार ही एकट्या राजाची गोष्ट नव्हती. मृगया, पारध आणि शिकार हे तीन शब्द मराठीत एकाच अर्थाने वापरले जात असले तरी त्यांचे कूळ निरनिराळे आहे. मृगया हा शब्द शोधणे या अर्थाच्या संस्कृत धातूपासून निघाला. शिकार हा फारशीतून आला. आणि पारध हा शब्द संस्कृत पापर्धी या शब्दापासून उतरल्याचे मानतात. पापाची समृद्धी असा ज्याच्या उच्चाराबरोबर अर्थ उभा राहतो, तो शब्द गरिबाच्या धंद्याला चिकटला आणि मृगया हा डौलदार शब्द राजाकडे राहिला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मेगास्थनीसाने भारतीयांचे जे सात वर्ग सांगितले त्यांत गुराखी व पारधी यांचा एक वर्ग आहे. हे लोक गावात न राहता राहुट्या ठोकून राहत. रानातील श्वापदे आणि पेरलेले दाणे टिपणारी पाखरे मारून ते शेते निर्वेध ठेवीत, आणि त्याबद्दल त्यांना राजाकडून धान्य मिळे. म्हणजे त्यांची पारध ही करमणूक तर नव्हतीच, पण केवळ पोटासाठीही नव्हती. ती राज्याची चाकरी होती.

मांसाच्या विक्रीवरही राज्याचा अंमल होता. अर्थशास्त्रात सूनाध्यक्ष म्हणजे कसाईखान्यावरचा अधिकारी सांगितला आहे. अभयवनातील हरणे, पशू, पक्षी व मासे यांना बांधणाऱ्या, मारणाऱ्या किंवा इजा करणाऱ्या माणसास दंड. वासरू, बैल व दुभती गाय मारणाऱ्यास पन्नास पण दंड. मांस ताजे व हाडांवाचून विकावे, हाड असल्यास तेवढी भरपाई द्यावी, आणि मापात कमी दिल्यास कमी भरलेल्याच्या आठपट द्यावे, असे त्यात नियम आहेत. या नियमांचे स्वरूप हिशेबी आहे. गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ नये, उपयोगी जनावर नष्ट होऊ नये, आणि राजाचा भाग बुडू नये, हा त्यांचा हेतू. दया हा शब्द त्या प्रकरणात शोधूनही सापडावयाचा नाही.

अशा राज्यव्यवस्थेचा वारसा घेऊन अशोक इसवी सनापूर्वी २६८ च्या सुमारास सिंहासनावर आला. अभिषेकास आठ वर्षे झाल्यावर त्याने कलिंग जिंकले. त्या युद्धात एक लक्ष माणसे मारली गेली, दीड लक्ष माणसे देशोधडीस लागली आणि त्याहून कितीतरी अधिक नंतर मेली, हे त्याने स्वतःच तेराव्या शिलालेखात नमूद केले आहे व त्याबद्दल पश्चात्ताप प्रकट केला आहे. या पश्चात्तापानंतर चारपाच वर्षांनी, म्हणजे इसवी सनापूर्वी २५७ च्या सुमारास, त्याचे शिलालेख कोरले जाऊ लागले. त्यांतील पहिल्याच लेखात तो परराज्याविषयी किंवा प्रजेच्या कर्तव्यांविषयी सविस्तर बोलत नाही. यज्ञासाठी जीव मारू नये व गर्दीचे समाज भरवू नयेत, एवढे थोडक्यात सांगून तो थेट आपल्या स्वयंपाकघरात शिरतो.

देवानांप्रिय प्रियदर्शी राजाच्या पाकशाळेत पूर्वी कालवणासाठी दररोज अनेक शतसहस्र प्राणी मारले जात, असे तो सांगतो. हा आकडा अलंकारिक असेल. परंतु राजवाड्यातील पंगत म्हणजे केवळ राजाचे ताट नव्हे, दासदासी, पहारेकरी व आश्रित यांचेही पोट त्यावर भरत असणार, हे लक्षात घेतले म्हणजे संख्या मोठीच होती यात शंका राहत नाही. मग तो पुढे म्हणतो की हा लेख लिहिला जात असता दररोज तीनच प्राणी मारले जातात, दोन मोर व एक हरीण. आणि हरीणसुद्धा नेहमी नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत.

जगातील राजशासनांत या ओळींना जोड मिळणे कठीण. आपण मांस पूर्णपणे वर्ज्य केले आहे, असे लिहावयास सम्राटाला कोणाची आडकाठी होती? गिरनारच्या कातळावर काय कोरले जात आहे हे पाहण्यास पाटलीपुत्राच्या पाकशाळेतील आचारी येणार नव्हता. परंतु त्याने उरलेले तीन जीव मोजून सांगितले, आणि त्यांतील तिसऱ्याविषयी तो नेहमी नसतो हा बारकावाही दडविला नाही. शब्द द्यावयाचा तो भविष्यकाळात, आणि वर्तमानकाळात जे आहे ते जसेच्या तसे सांगावयाचे, ही या लेखाची रीत आहे. उपदेश करणाऱ्याने स्वतःच्या ताटापासून आरंभ करावा असे सर्वच सांगतात. आपले ताट अजून पुरते निर्मळ झालेले नाही, असे शिळेवर कोरणारा विरळा.

राजाच्या पाठोपाठ त्याच्या चाकरांची पाळी आली. १९५८ साली अफगाणिस्तानातील कंदाहार येथे ग्रीक व अरमाईक अशा दोन भाषांतील अशोकाचा एक लेख सापडला. राजा प्राणिहिंसेपासून दूर राहतो, इतर माणसेही दूर राहतात, आणि राजाचे जे शिकारी व मासे धरणारे होते त्यांनी आपले काम थांबविले आहे, असे त्यात म्हटले आहे. राजाने मृगया सोडली तेव्हा त्याची करमणूक गेली आणि तिच्या जागी दुसरी अधिक गोड करमणूक आली. राजाच्या शिकाऱ्याने पारध सोडली तेव्हा मात्र त्याचा धंदा गेला. एकाच शासनाने दोन माणसांना सारखाच नियम लावला; परंतु त्यांच्या घरांत त्या नियमाचा अर्थ सारखा नव्हता. त्या शिकाऱ्यांना पुढे कोणते काम दिले गेले याविषयी लेखात एक अक्षरही नाही.

अभिषेकास सव्वीस वर्षे झाल्यावर अशोकाने स्तंभांवर लेख कोरविले. त्यांतील पाचवा लेख म्हणजे प्राण्यांच्या रक्षणाचा एक लहानसा कायदाच होय. त्यात प्रथम अवध्य प्राण्यांची यादी आहे: पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ, कासव, साळिंदर, गेंडा, पांढरे पारवे, गावातले पारवे, आणि आज ज्यांची ओळख पंडितांनाही नीटशी पटत नाही असे अनेक जीव. मुंग्यांच्या राणीपर्यंत ही यादी पोहोचते. शेवटी, जे चतुष्पाद उपयोगात येत नाहीत व खाल्ले जात नाहीत ते सर्व अवध्य, असा सामान्य नियम सांगितला आहे. पाकशाळेतील दोन मोर ज्याने शिळेवर मोजून दाखविले, त्याच्या या यादीत मोराचे नाव नाही. जे लोक खातात ते बहुतांशी खाण्यास मोकळे ठेवून, जे निष्कारण मारले जाते त्याला अभय द्यावे, असा या शासनाचा रोख दिसतो.

यादीनंतर मर्यादा येतात, आणि लेखाचा हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. गाभण किंवा दूध पाजणारी शेळी, मेंढी व डुकरीण मारू नये. सहा महिन्यांच्या आतील त्यांची पिले मारू नयेत. कोंबड्याला खच्ची करू नये. ज्यात जीव आहेत असे तूस जाळू नये. निष्कारण किंवा प्राणी मारण्यासाठी रानाला आग लावू नये. एका जिवावर दुसरा जीव पोसू नये. तीन चातुर्मासी पौर्णिमा व तिष्य नक्षत्राची पौर्णिमा यांच्या वेळी तीन तीन दिवस, आणि उपोसथाच्या दिवशी, मासे मारू नयेत व विकूही नयेत. त्या दिवशी हत्तींच्या वनात व कोळ्यांच्या राखीव पाण्यात इतर जातींचे प्राणीही मारू नयेत. ठरावीक तिथींना बैल, बोकड, एडका व डुक्कर यांना खच्ची करू नये, आणि घोड्याबैलांना डाग देऊ नये.

हे नियम वाचताना एक गोष्ट चटकन ध्यानात येते. कसाईखाना बंद करावा असे त्यांत कोठेही म्हटलेले नाही. कोळ्याला जाळे टाकण्यास वर्षातील बहुतेक दिवस मोकळे आहेत. मांसाशिवाय ज्याचे चालणार नाही अशा प्रजेवर राज्य करणारा राजा वय, काळ आणि अवस्था यांच्या मर्यादा घालून हिंसा कमी करीत आहे. प्राणिहिंसा संपूर्ण वर्ज्य मानणाऱ्या जैन व आजीविक पंथांची मते त्याला अपरिचित नव्हती. आजीविकांना तर त्याने बराबर टेकडीतील लेणी दान दिली होती. बौद्ध भिक्षूंचा नियम याहून निराळा होता: आपल्यासाठी मारल्याचे पाहिलेले, ऐकलेले वा शंकित असलेले मांस घ्यावयाचे नाही, एरवी भिक्षेत पडेल ते घ्यावयाचे. अशोकाने या दोहोंपैकी कोणताही नियम प्रजेवर लादला नाही. त्याने राज्यकर्त्याला पेलेल असा मधला मार्ग काढला.

परंतु मधल्या मार्गावरही सर्वांना सारखे चालता येत नाही. शेतकऱ्याला डुकरीण व्याल्यावर सहा महिने थांबता येईल. ज्याचे घर म्हणजेच रान त्याला समोर आलेला प्राणी उद्या पुन्हा भेटेलच असे नसते. तेराव्या शिलालेखात अशोकाने आपल्या राज्यातील अटवींचा, म्हणजे अरण्यवासी लोकांचा, उल्लेख केला आहे. आपण त्यांची मनधरणी करतो, त्यांना समजावतो, असे तो म्हणतो. आणि त्याला जोडूनच बजावतो की पश्चात्ताप झाला असला तरी राजाच्या अंगी सामर्थ्य आहे, तेव्हा त्यांनी लाज धरावी, म्हणजे त्यांच्यावर मरण्याची पाळी येणार नाही. ज्या लेखात कलिंगातील प्रेतांबद्दल शोक आहे त्याच लेखात रानातील लोकांना ही धमकी आहे. ही विसंगती अनेक इतिहासकारांना टोचली आहे. अशोकाची थोरवी तिने पुसून जात नाही. परंतु नगरात राहणाऱ्याची करुणा रानाच्या सीमेवर पोहोचली म्हणजे तिच्या हाती काठी येते, एवढे मात्र तिच्यावरून दिसते.

ही अडचण अशोकाच्या ध्यानात आली नसेल काय? तिचे उत्तर दिल्लीस असलेल्या तोपरा स्तंभावरील सातव्या लेखात सापडते. अभिषेकाच्या सत्तावीस वर्षांनंतरचा हा लेख म्हणजे त्याच्या कारकिर्दीचा एक प्रकारचा आढावाच आहे. माणसांत धर्माची वाढ दोन प्रकारांनी झाली, असे तो सांगतो: धर्मनियमांनी आणि निझ्झतीने. निझ्झती म्हणजे समजूत पटणे, मनात विचार उतरणे. नियमाचे उदाहरण म्हणून त्याने दुसरे काहीही न घेता अमुक अमुक प्राणी अवध्य असल्याचा आपलाच नियम घेतला आहे. आणि मग तो निर्णय देतो की या दोहोंत नियम हलका; निझ्झतीनेच प्राण्यांची अहिंसा अधिक वाढली. आपणच केलेल्या कायद्याला, तो करून एक वर्ष होते न होते तोच, राजाने दुय्यम स्थान द्यावे, ही गोष्ट साधी नव्हे. पाकशाळेतील तीन जीव मोजणारा तो प्रामाणिकपणा येथेही दिसतो.

अशोकानंतर त्याचे नियम फार काळ टिकले नाहीत. राजांची मृगया पूर्वीच्याच थाटात चालू राहिली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११२९ च्या सुमारास, मानसोल्लास नावाचा जो संस्कृत ग्रंथ रचला, त्यात राजाच्या विनोदांत मृगयेचे नाना प्रकार आले आहेत, आणि अन्नभोगाच्या प्रकरणात निरनिराळी मांसे कशी शिजवावी व भाजावी याची तपशीलवार कृती आहे. चौदाव्या शतकात सुलतान फिरोजशहा तुघलक याने अशोकाचे दोन स्तंभ मोठ्या खटाटोपाने दिल्लीस आणविले. त्यांपैकी मेरठचा स्तंभ त्याने टेकडीवरील आपल्या शिकारमहालापाशी उभा केला. त्यावरील लिपी वाचणारा तेव्हा कोणी उरला नव्हता. मृगया सोडणाऱ्या राजाचा स्तंभ शिकाऱ्यांच्या मुक्कामाची शोभा म्हणून उभा राहिला, आणि तो काय सांगतो हे कोणालाही कळले नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, तेव्हा कुठे ते दगड पुन्हा बोलू लागले.

दगड बोलू लागले खरे. पण नियम आणि निझ्झती यांतील जो भेद त्यांवर कोरला होता त्याचा प्रत्यय महाराष्ट्रात एका निराळ्याच ठिकाणी येतो. येथील पारध्यांत फासेपारधी, गायपारधी, चित्तेवाले, टाकणकर अशा अनेक शाखा. फासेपारधी दोरीचे फास मांडून काळवीट, ससा, तितर व लावा धरीत. गायपारधी शिकविलेल्या जनावराच्या आडोशाने सावजाजवळ जात. चित्तेवाल्यांची विद्या संस्थानिकांच्या कामी येई, आणि कोल्हापुरासारख्या संस्थानांत चित्ता सोडून काळविटाची शिकार करण्याचा शोक विसाव्या शतकातही टिकून होता. देशातील चित्ते संपत आल्यावर ते आफ्रिकेतून आणवीत. पारधी मात्र फास मांडून पोट भरत राहिला.

गेल्या शतकाच्या अखेरच्या चरणात माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा या संशोधकांनी तेव्हाच्या अहमदनगर भागातील भटक्या लोकांचा अभ्यास केला. त्यांना असे आढळले की नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने रानडुक्कर, साळिंदर व घोरपड धरीत, वैदू मुंगूस, रानमांजर असे लहान प्राणी पकडीत, आणि फासेपारधी काळवीट व पाखरे यांवर निर्वाह करीत. एकाच माळावर राहून एकाने दुसऱ्याच्या सावजाला हात लावावयाचा नाही. याहून महत्त्वाचे असे की फासात गाभण हरिणी किंवा पाडस सापडले तर ते सोडून द्यावे, अशी फासेपारध्यांची चाल होती. गाभण मादी व लहान पिलू मारू नये, हा अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखातील नियम ज्यांना कधी कोणी वाचून दाखविला नाही, त्यांच्या जमातीत तो आपोआप पाळला जात होता. त्याला दंड नव्हता आणि स्तंभही नव्हता. उद्याचे सावज आजच मारले तर उद्या उपास घडेल, हे रानाने शिकविलेले शहाणपण, आणि पाडसाला मारू नये ही माणसाची उपजत कळ, या दोन्ही त्या चालीत मिसळलेल्या आहेत. अशोक ज्याला निझ्झती म्हणे ती याहून निराळी काय असणार?

अशा लोकांच्या वाट्यास राज्यकर्त्यांकडून काय आले? १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या नव्या कायद्याने तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लागू होण्याचा मार्ग खुला झाला, आणि पारध्यांच्या अनेक गटांवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, तो कायदा रद्द झाला. त्यानंतर वीस वर्षांनी, १९७२ साली, वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो आवश्यक होता यात संशय नाही. काळविटाचे कळप विरळ झाले होते, चित्ता तर १९५२ सालीच नष्ट झाल्याचे जाहीर झाले होते, आणि या नाशास बंदूक व मोटारगाडी घेऊन हौसेखातर रानात शिरलेले लोक फार मोठ्या प्रमाणात कारण झाले होते. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीची बंदी जवळजवळ संपूर्ण झाली. हौशी शिकाऱ्याने बंदूक खुंटीला टांगली व तो दुसऱ्या करमणुकीकडे वळला. फासेपारध्याने फास गुंडाळला तेव्हा त्याच्या हाती दुसरे काही नव्हते, आणि जुना शिक्का कायद्याच्या पुस्तकातून गेला तरी लोकांच्या मनातून गेला नव्हता. कंदाहारच्या लेखातील शिकाऱ्यांची गोष्ट येथे पुन्हा घडली.

इकडे शेतकऱ्याची तक्रारही खोटी नाही. रानडुकरे व नीलगायी उभे पीक एका रात्रीत तुडवून जातात. २०१५ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने बिहारच्या काही जिल्ह्यांत या दोन प्राण्यांना ठरावीक मुदतीपुरते उपद्रवी ठरवून मारण्याची मोकळीक दिली, आणि २०१६ साली मोकामा भागात बाहेरून नेमबाज बोलावून नीलगायी मारण्यात आल्या. त्यावर मोठा वाद झाला. मोकामा हे अशोकाच्या मगधातीलच. पाटलीपुत्रापासून ते फार दूर नाही. ज्या भूमीत पारध्याला शेते राखण्यासाठी धान्य मिळत असे, त्याच भूमीत आता हे काम परगावच्या बंदुकीकडे आले.

या सर्व इतिहासातून, प्राणी मारणे योग्य की अयोग्य, या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर मिळत नाही. तसे उत्तर अशोकानेही दिले नाही. परंतु प्रश्न विचारावा कसा, एवढे त्यातून निश्चित शिकता येते. अहिंसेचा विचार करणाऱ्याने प्रथम आपल्या पाकशाळेत जावे व तेथे काय शिजते ते खरेपणाने मोजावे, हा गिरनारच्या कातळावरचा पहिला धडा. दुसरा तोपऱ्याच्या स्तंभावरचा: नियम करावे, पण त्यांनी मन पालटते असे मानू नये. आणि तिसरा धडा कोठेही कोरलेला नाही. तो राजाचे शिकारी, अटवीतील लोक आणि महाराष्ट्राच्या माळावरचा पारधी यांच्या कथेतून वाचावा लागतो. जिवांना अभय देणाऱ्या राज्याने, ज्याच्या हातातील फास काढून घेतला त्याच्या हाती भाकरी ठेवण्याची जबाबदारीही तेवढ्याच गंभीरपणे उचलली पाहिजे. पाडस सोडून देणाऱ्या माणसाला दया शिकविण्याची गरज नव्हती. त्याला गरज होती ती दुसऱ्या कामाची.

अशोकाच्या पाकशाळेतील त्या तीन जिवांपैकी मोर १९६३ साली भारताचा राष्ट्रीय पक्षी झाला, आणि त्याला मारणे आज मोठा अपराध आहे. सारनाथच्या स्तंभावरील सिंह १९५० पासून राजमुद्रेवर आहेत. देवानांप्रियाने दिलेला शब्द एवढ्यापुरता तरी खरा झाला, असे म्हणता येईल. त्याच्या शिकाऱ्यांचा हिशेब मात्र अजून पुरा व्हावयाचा आहे.